प्रोजेस्टची आई

केमिलेंबेने ईशज्ञान शिकायला सरोवरापलीकडच्या म्वान्झा शहरात जायचं ठरवलं, तेव्हा न्याकिबालेत सगळ्यांत जास्त हसली ती तिची आत्या. "तीन वर्षं शिकणार, आणि शेवटी फादर काही होता येणार नाही," ती म्हणाली. "म्हणजे केळी सोलायची तू, शिजवायची तू, आणि जेवायला बसायचं दुसऱ्यांनी."  उत्तर केमीच्या बाबांनी दिलं. ते म्हणाले, "जेवणारे पुष्कळ आहेत गं. स्वयंपाक येणारी माणसं कमी आहेत."

बाबांचं नाव नोव्हाटुस. पण या नावाने त्यांना फक्त त्यांची बहीण हाक मारी. बाकी सगळ्या गावाचे ते म्वालिमू होते, गुरुजी. न्याकिबालेच्या छोट्या देवळाचे ते धर्मशिक्षक. फादर महिन्यातून एकदा मोटरसायकलवरून येऊन मिस्सा करून जात. उरलेल्या रविवारी प्रार्थना चालवायची, पोरांना प्रश्नोत्तरं घोकून घ्यायची, बाप्तिस्म्याची तयारी करून घ्यायची, कुणी गेलं तर केळीच्या बागेत खड्ड्याच्या कडेला उभं राहून शेवटचे शब्द म्हणायचे, हे सगळं म्वालिमूंचं काम. त्यांना स्वतःला धर्मगुरू व्हायचं होतं. एकुलता एक मुलगा म्हणून घरच्यांनी जाऊ दिलं नव्हतं. ती गोष्ट ते कधी बोलत नसत, पण मुलीने ईशज्ञानाचं नाव काढलं तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला, की आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

वर्गात केमी आणि दुसरी एक मुलगी सोडली, तर बाकी सगळे धर्मगुरू व्हायला निघालेले तरुण आणि काही सिस्टर्स. पोरं तिला 'बिशपबाई' म्हणत. ग्रीक शब्दांची रूपं तिला पटापट पाठ होत, म्हणून परीक्षा जवळ आली की हीच पोरं वही घेऊन तिच्यामागे फिरत. दर आठवड्याला बाबांचा फोन यायचा. तब्येत, पैसे, पाऊस यांतलं काही नाही, थेट प्रश्न यायचा, "या आठवड्यात काय शिकवलं?" ती त्रैक्याबद्दल सांगायची, कृपेबद्दल सांगायची. रविवारी बाबा तेच देवळात सांगायचे, स्वतःची भर घालून. सुट्टीत घरी आल्यावर गावातल्या एका म्हाताऱ्याने तिला विचारलं होतं, की पिता, पुत्र आणि आत्मा म्हणजे एकाच केळीच्या बुंध्याचे तीन पोगे, असं तुमच्या विद्यापीठात सांगतात, ते खरं का? केमीने ओठ दाबून सांगितलं, साधारण तसंच.

आई या सगळ्यात नसे. लिओकाडिया कमी बोलणारी बाई. फोन तिच्या हातात दिला तर "जेवतेस ना?" एवढं विचारून परत द्यायची. मुलगी काय शिकते याचं तिला कौतुक होतं की काळजी, हे केमीला कधी कळलं नव्हतं.

दुसरं वर्ष संपलं आणि केमी सुट्टीला आली. सकाळी बोटीने बुकोबाला उतरून, बसने, मग पायी, दुपारपर्यंत घरी. दुसऱ्या दिवशी दोघी मायलेकी स्वयंपाकाच्या खोपटात केळी सोलत बसल्या होत्या. हात चिकाने काळे झाले होते. बाबा सायकल घेऊन कुठेतरी गेले होते. आईने खाली बघतच विचारलं, "केमी, तुमच्या पुस्तकांत पाणी न लागलेल्या मुलांबद्दल काय लिहिलंय?"

केमीचा बाप्तिस्मा वगैरे संस्कारांचा पेपर नुकताच झाला होता आणि चांगला गेला होता. प्रश्न ऐकल्याबरोबर तिच्या तोंडून उत्तर धो धो वाहू लागलं. बाप्तिस्म्याशिवाय गेलेली मुलं लिंबो नावाच्या जागी जातात, तिथे दुःख नसतं पण देवाचं दर्शनही नसतं, असं पूर्वी शिकवत. पण ते श्रद्धेचं तत्त्व कधीच नव्हतं. जुन्या पंडितांचं ते नुसतं मत होतं. आता चर्च तसं शिकवत नाही. अशा मुलांना देवाच्या दयेवर सोपवतं आणि त्यांच्या तारणाची आशा धरतं.

आईची सुरी थांबली होती.

"मत होतं?" तिने विचारलं.

"हो. नुसतं मत."

"हे कुणी कुणाला सांगितलं होतं का? की हे मत आहे म्हणून?"

तिच्या आवाजात असं काही होतं की केमीने मान वर केली. आई रडत नव्हती. हातातलं केळं तिने पुन्हा सोलायला घेतलं, आणि सोलून झालेलंच केळं ती पुन्हा पुन्हा तासत राहिली.

मग हळूहळू तिने सांगितलं. केमी घरातली थोरली, असं सगळे समजत. केमीही तसंच समजत आली होती. पण तिच्या आधी एक मुलगा झाला होता. मोठ्या पावसाचे दिवस होते, मिशनच्या दवाखान्याचा रस्ता पाण्याखाली होता, आणि दिवस भरायच्या आधीच पोटात दुखायला लागलं. म्वालिमू दलदलीपलीकडच्या गावात गेले होते, बाप्तिस्मा घेणाऱ्यांना शिकवायला. घरात सासू होती. मूल झालं, इवलंसं, तळहाताला जड न वाटणारं. श्वास घेत होतं, पण मध्येच विसरल्यासारखं थांबायचं. सासू शहाणी होती. तिने पेल्यात पाणी आणून सुनेच्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू म्वालिमूची बायको आहेस, शब्द तुला येतात. घाल पाणी."

"शब्द येत होते," आई म्हणाली. "गरजेच्या वेळी कुणीही पाणी घालू शकतं, हे तुझ्या बाबांनी मलाच सगळ्यांत आधी शिकवलं होतं. पेला माझ्या हातात होता, केमी. पण पाणी घातलं असतं, म्हणजे तो जाणार हे मी कबूल केलं असतं. मी नाही केलं. पेला खाली ठेवला आणि त्याला छातीशी धरून बसले."

म्वालिमू चिखलाने भरलेले, भिजलेले घरी पोचले तेव्हा मूल गार झालं होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, खाली ठेवलेल्या भरल्या पेल्याकडे पाहिलं, आणि काहीच विचारलं नाही. शेजारच्या बायकांनी मुलाला कापडात गुंडाळून बागेच्या कडेला पुरलं. आत, जिथे आजोबा-पणजोबांच्या कबरी आणि त्यांवरचे क्रूस होते, तिथे नाही. प्रार्थना झाली नाही, कारण बाप्तिस्मा न झालेल्यासाठी प्रार्थना म्हणत नाहीत, असं म्वालिमूच सगळ्यांना सांगत असत. ते स्वतः घरात पाठ करून उभे राहिले होते. त्या दिवसापासून आजपर्यंत नवरा-बायकोत त्याबद्दल एक शब्द झाला नव्हता.

"त्यांना सांगू नकोस मी तुला सांगितलं म्हणून," आई म्हणाली, आणि पातेलं चुलीवर चढवायला उठली.

केमी सुट्टी संपवून म्वान्झाला परतली ती एक ओझं घेऊन. आईला आपण केवढ्या ऐटीत उत्तर दिलं, हे आठवलं की तिचा चेहरा तापायचा. शेवटी ती फादर माकोये यांच्याकडे गेली. संस्कारांचा विषय तेच शिकवत. जाडजूड, तपकीर ओढणारे, वर्गात क्वचितच पुस्तक उघडणारे गृहस्थ. कुणाची गोष्ट आहे हे न सांगता तिने सगळं सांगितलं. पण अर्ध्यावरच तिचा आवाज चिरकला आणि कुणाची ते त्यांना कळलं.

फादरांनी तपकिरीची डबी बाजूला ठेवली. "आईने तुला प्रश्न विचारला," ते म्हणाले, "आणि तू तिला उत्तरपत्रिका वाचून दाखवलीस."

केमीने मान खाली घातली.

"वाईट वाटून घेऊ नकोस. आम्ही सगळ्यांनी केलंय ते. मी तर माझ्या आजीला मरणशय्येवर मेल्यावर आत्मे जिथे शुद्ध होतात त्या शुद्धिस्थानाचे प्रकार समजावले होते. आजीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, तिला पटलं." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईने काय विचारलं असं तुला वाटतं?"

केमी म्हणाली, "तो कुठे आहे, असं."

"आणि?"

"आणि माझ्यामुळे तो तिथे नाही का, असं."

फादरांनी मान हलवली. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला हाच विषय घे, असं त्यांनी सुचवलं. मात्र एक अट घातली. प्रबंधातलं प्रत्येक वाक्य घरी चुलीपाशी बसून किहायात, आपल्या घरच्या बोलीत, सांगता आलं पाहिजे. जे सांगता येणार नाही ते खोडायचं.

ते वर्ष केमीने ग्रंथालयात काढलं. तिला वाटलं होतं जुने पंडित दगडाच्या काळजाचे असतील. तसे ते नव्हते. लहान मुलांना नरकाच्या आगीत ढकलायला कुणाचा हात धजत नव्हता, म्हणून तर त्यांनी ती मधली जागा शोधून काढली होती, दुःख नसलेली. तीही एक प्रकारची मायाच होती, अडखळलेली. हे वाचून तिचा राग जरा निवळला. मग एक दिवस तिला दुसरंच सापडलं, आणि राग दुप्पट होऊन परत आला. ज्या मुलांचा बाप्तिस्मा व्हावा अशी आईबापांची इच्छा होती पण त्याआधीच ती गेली, त्यांच्यासाठी अंत्यविधीच्या पुस्तकात वेगळी प्रार्थना होती. आणि ती नवी नव्हती. तिचा भाऊ जन्मला त्याच्या कितीतरी आधीपासून होती. ती प्रार्थना त्या दिवशी म्हणता आली असती. म्हणायला घरातच माणूस होता, आणि तो पाठ करून उभा राहिला होता.

त्यानंतर काही आठवडे तिने बाबांच्या फोनवर नीट बोलणं केलं नाही. "या आठवड्यात काय शिकवलं?" तर म्हणायची, विशेष काही नाही. बाबांना वाटलं, अभ्यास फार आहे. ते म्हणाले, डोळे जप, आणि लवकर फोन ठेवू लागले. त्यांचं ते समजूतदारपणे फोन ठेवणं तिला जास्त लागलं. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की बाबांकडे जी पुस्तकं होती ती त्यांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिशनऱ्याने जाताना दिलेली होती, बाइंडिंग सुटलेली. नवी पुस्तकं न्याकिबालेपर्यंत कुणी आणून दिली होती? बाबांना जे दिलं, ते त्यांनी इमानाने सांभाळलं. स्वतःच्या मुलाच्या वेळीसुद्धा सवलत घेतली नाही. याबद्दल त्यांचा राग करावा की त्यांना जवळ घ्यावं, हे तिला कळेना.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला कोंडीत पकडायचा प्रयत्न केला. मग बाप्तिस्म्याची गरजच नाही म्हणायचं का, त्यांनी विचारलं. केमी म्हणाली, गरज आहे, आणि म्हणूनच आया त्यासाठी तळमळतात. पण एखाद्या आईच्या हातून ते राहून गेलं, तर देव पेला भरलेला होता की रिकामा हे बघत बसेल, असं मला कुठेही सापडलं नाही. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा प्रश्न ग्रीकमधला विचारला. ती चांगल्या गुणांनी पदवी पास झाली.

घरी आल्यावर आत्याने तिला मिठी मारली आणि आता माझी पापं ऐकून घे म्हणून गुडघ्यांवर बसायचं नाटक केलं. सगळे हसले. बाबांचं लक्ष पिशवीतल्या प्रबंधाकडे होतं. रविवारच्या प्रार्थनेनंतर ते कोट न काढताच अंगणात खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, "वाच. मला सगळं ऐकायचंय. पहिल्या पानापासून."

विषय काय आहे हे तिने फोनवर मोघम सांगितलं होतं, संस्कारांबद्दल आहे म्हणून. आता सुटका नव्हती. आई दाराशी चटईवर शेंगा सोलत होती. केमीने तिच्याकडे पाहिलं. आईने पाहिलं नाही, पण उठूनही गेली नाही.

केमी एकेक वाक्य किहायात सांगत गेली. सुरुवातीला बाबा खूश होते. मध्येच "वा" म्हणत, एखादा शब्द पुन्हा म्हणायला लावत. लिंबो आलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, ते त्यांच्या ओळखीचं होतं. मग ते मत होतं, हे आलं. मग आशा आली. बाबांचं "वा" थांबलं. ती प्रार्थनेपाशी पोचली तेव्हा त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"हे पुस्तक कधीचं?"

केमीने सांगितलं.

"म्हणजे तुझ्या जन्माच्या आधीचं."

"हो बाबा."

"तुझ्या..." ते थांबले. काय विचारायचं ते त्यांना विचारता येईना.

दाराशी शेंगांचा आवाज बंद झाला. "मी सांगितलंय तिला," आई म्हणाली.

बाबा उठले. कोटाची बटणं उगाच लावली, उगाच काढली. मग ते घराच्या मागे बागेत गेले. केमी मागे जायला निघाली तर आईने तिचा हात धरून खाली बसवलं. दोघी शेंगा सोलत राहिल्या. ते परत आले तेव्हा खुर्चीवर बसले नाहीत. चटईवर, बायकोच्या शेजारी बसले. केमीने आपल्या उभ्या जन्मात वडिलांना त्या चटईवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"प्रार्थना होती," ते म्हणाले. "मी म्हणायला हवी होती. मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला नव्हतं माहीत," आई म्हणाली. "मला माहीत होतं. पाणी माझ्या हातात होतं, म्वालिमू. मी घातलं नाही."

"मी पेला पाहिला होता."

"मग विचारलं का नाहीत कधी?"

 ते समोरच्या सोललेल्या दाण्यांतून एकेक दाणा उचलून परत टाकत राहिले. "विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं," ते शेवटी म्हणाले. "आणि मी त्या जागी असतो, लिओकाडिया, तर माझाही हात उठला नसता."

आईने पदरासारखं खांद्यावरून घेतलेलं कापड तोंडावर ओढलं. ती किती वेळ रडली ते केमीने मोजलं नाही. बाबा नुसते तिच्या शेजारी बसून होते, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ.

मग बाबांनी विचारलं, "काय नाव ठेवायचं होतं तुला त्याचं?"

"प्रोजेस्ट," आई लगेच म्हणाली. "माझ्या बाबांचं."

बाबांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. गावाच्या रीतीप्रमाणे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. इतकी वर्षं ते तिला 'केमीची आई' म्हणत आले होते. ते उठले, हात पुढे करून तिलाही उठवलं आणि म्हणाले, "चल, प्रोजेस्टची आई. दाणे शिजायला टाक. पोरगी उपाशी आहे."

एवढ्यावर मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा न घेताच पायरीवर बसलेले केमीला दिसले. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. तिने विचारलं, तर म्हणाले, "मी हे फक्त आपल्या घरात सांगितलं नव्हतं, केमी. किती बायकांना सांगितलं असेन. खड्डा बागेच्या कडेला काढा, म्हणून. प्रार्थना नको, म्हणून. तोंडं आठवतायत मला." आणि थोड्या वेळाने, "त्यांना कोण सांगणार?"

त्यांनी सायकल काढली. पुढचे तीन महिने म्वालिमू दुपार झाली की कुठल्या ना कुठल्या घरी जात. कधी केमीला बरोबर नेत, पुस्तकातलं नीट सांगायला. पण बोलायची वेळ आली की स्वतःच बोलत. साधंच बोलत, की तुझ्या मुलाच्या वेळी मी जे सांगितलं ते मला तसंच शिकवलं होतं, पण ते बरोबर नव्हतं. मूल देवाच्या हातात आहे. मी तेव्हा प्रार्थना म्हणायला हवी होती, ती आता मृतात्म्यांच्या दिवशी आमच्या बागेत सगळे मिळून म्हणू या, येशील का?

सगळीकडे सारखं झालं नाही. डोरोथेया नावाची एक दात पडलेली म्हातारी खळखळून हसली. "म्वालिमू, मी तुमचं तेव्हाही ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर मी आणि माझ्या नवऱ्याने सगळ्या प्रार्थना म्हटल्या. आम्हाला येत होत्या तेवढ्या. लग्नाचीसुद्धा म्हटली." दुसरीकडे जस्टीना नावाच्या बाईने त्यांना अंगणातच उभं केलं. ती जे बोलली ते केमीने खाली मान घालून ऐकलं. तुमच्या शब्दावर माझ्या नवऱ्याने मला वर्षभर दोष दिला, ती म्हणाली, मी दोन जुळी पुरली आणि तुम्ही पलीकडून सायकलवरून घंटी वाजवत गेलात.  तिचं बोलून संपल्यावर बाबा म्हणाले, "खरं आहे." जस्टीना आत गेली. ते जायला वळले, तेवढ्यात ती भाजलेल्या कॉफीच्या बिया वाटीत घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर धरली. पाहुण्याला देतात तशा. त्यांनी दोन उचलून तोंडात टाकल्या. जस्टीना येते म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही.

एका घरी ती बाई स्वतःच वारली होती. बाबा तिच्या कबरीपाशी गेले आणि केमीला लांब थांबवून तिलाही सांगून आले.

नोव्हेंबर लागला. टोळांचे थवे दिव्याभोवती येऊ लागले, पोरं डबे घेऊन ते धरायला धावू लागली, घराघरांतून ते तव्यावर भाजल्याचा वास येऊ लागला. मृतात्म्यांच्या दिवशी महिन्याला येणारे तरुण फादर आले. केमीने त्यांना आधीच सगळं सांगितलं होतं. बागेतल्या जुन्या कबरींवर त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं, आणि मग बाबा पुढे होऊन त्यांना बागेच्या कडेला घेऊन गेले. तिथे आईने गवत काढून जागा साफ केली होती. बायका आल्या होत्या. डोरोथेया नातवाचा खांदा धरून आली होती. जस्टीना सगळ्यांच्या मागे, जुळ्यांची दोन नावं हळू आवाजात घोकत उभी होती, विसरू नयेत म्हणून. ज्यांनी नावं ठेवली होती त्यांनी नावं सांगितली, ज्यांनी नव्हती ठेवली त्या नुसतं "माझी मुलगी" म्हणाल्या. फादरांनी प्रार्थना केमीकडून वाचून घेतली. तिने ती किहायात स्वतः उतरवली होती, प्रत्येक शब्द चुलीपाशी बोलता येईल असा. मधेच तिचा आवाज अडला तेव्हा पुढचं वाक्य बाबांनी उचललं. त्यांना ते केव्हाच पाठ झालं होतं.

'प्रोजेस्ट' हे नाव उच्चारताना आई रडली नाही. आजोबांच्या कबरीवरच्या क्रूसासारखा एक लहानसा लाकडी क्रूस बाबांनी केला होता. तो तिने स्वतः मातीत रोवला आणि हलत नाही ना, हे दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.

फादरांना पुढच्या गावी जायचं होतं. ते गेले. बायका भाजलेले टोळ खात अंगणात बसल्या, गप्पा सुरू झाल्या. आत्या केमीला सांगत होती की पुढच्या महिन्यापासून तू मुलींच्या शाळेत धर्म शिकवणार, तर एक चांगली काठी कापून ठेव. तेवढ्यात कुंपणापाशी कुणीतरी उभं असलेलं बाबांना दिसलं. शेजारच्या टेकडीवरची फेबी होती. ती लुथेरन, म्हणजे दुसऱ्या पंथाची, दर रविवारी पलीकडच्या चर्चमध्ये जाणारी. डोक्यावर पाण्याचं भांडं होतं, जणू सहज जाता जाता थांबली आहे.

बाबा कुंपणाकडे गेले. केमीही गेली.

फेबीने आधी पावसाची चौकशी केली. कॉफीचं पीक कसं आहे ते विचारलं. मग भांडं खाली उतरवलं आणि म्हणाली, "माझंही एक होतं, म्वालिमू. आमच्याकडेही प्रार्थना नव्हती म्हटली. पण तुमचे फादर तर गेले ना?"

"गेले."

"आणि मी तुमच्यातली नाही."

बाबांनी फाटक उघडून धरलं. "मुलगा होता की मुलगी?" त्यांनी विचारलं.

"मुलगी."

"नाव?"

फेबीने नाव सांगितलं. ते इतक्या हळू सांगितलं की केमीला ऐकू आलं नाही. बाबांना आलं. त्यांनी तिचं भांडं उचलून कुंपणाच्या आत सावलीत ठेवलं आणि प्रोजेस्टच्या आईला हाक मारली. ती हात पुसत आली. कशासाठी बोलावलं हे तिने विचारलं नाही. फेबीचा हात धरून ती तिला बागेच्या कडेकडे घेऊन चालू लागली, आणि केमी प्रार्थनेचा कागद आणायला घरात गेली.